शाउडर कोण होता?

एम.एस्सी.ला आम्ही बानाख-शाउडर प्रमेय शिकलो. सिद्धता पाठ झाली. शाउडर कोण, हे सरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तेव्हा पोलंडमध्ये आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वूव शहरात स्कॉटिश कॅफे होते. तिथे ख्रिश्चन आणि ज्यू गणिती एकत्र बसत, न सुटलेले प्रश्न एका जाड वहीत लिहीत. १९३६ साली माझूरने एका प्रश्नाला जिवंत हंसाचे बक्षीस लावले. स्वीडनच्या पेर एन्फ्लोने १९७२ मध्ये तो सोडवला आणि वॉर्सात त्याला खरोखर हंस मिळाला! त्याच कामातून 'शाउडर बेसिस'चा जुना प्रश्नही निकाली निघाला.

हे पाहायला शाउडर नव्हता. १९४१ साली नाझी ल्वूवमध्ये आले. बानाख टायफसच्या लसीसाठी पाळलेल्या उवांना स्वतःचे रक्त पाजून तगला. शाउडर ज्यू होता. १९४३ मध्ये त्याला मारले.

गणिताला धर्म नसतो, असे आपण कौतुकाने म्हणतो. मला ते अपुरे वाटते. गणितज्ञाला नाव असते, आणि नावावरून माणूस उचलता येतो. हे प्रमेय शिकवताना शाउडरसाठी पाच मिनिटे काढायलाच हवीत. मी काढतो. पोर्शन मागे पडतो, पडू दे.