घोयऱ्याचा पाहुणचार

मराठी भाषेनें ज्या मुक्या जीवांवर निष्कारण अन्याय केला आहे, त्यांत सरड्याच्या कुळाचा क्रमांक बराच वर लागेल. बोलणें फिरविणाऱ्या मनुष्यास आपण सरड्याची उपमा देतों. कोणाच्या अल्प शक्तीची थट्टा करावयाची झाली म्हणजे सरड्याची धांव कुंपणापर्यंत, असें म्हणून मोकळे होतों. परंतु ज्याच्या नांवावर इतकी भाषा खर्ची पडते, त्या प्राण्याकडे पांच मिनिटें स्वस्थ बसून पाहिलेलीं माणसें आमच्या परिचयांत फार थोडीं आहेत. आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमची स्वतःची गणनाहि त्यांत होत नव्हती. त्या उन्हाळ्यांत एक आजारी घोयरा दोन दिवस आमच्या घरीं पाहुणा होता. त्या दोन दिवसांत आमच्या घरांतील लहानथोर मंडळी जें शिकलीं, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतु आहे.

घोयरा म्हणजे कुंपणावर बसून मान हालविणारा नेहमींचा सरडा नव्हे. पुस्तकांतून ज्यास शॅमेलिऑन म्हणतात, तो हा. जगांत याच्या दोनशेंहून अधिक जाति आहेत व त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटांत सांपडतात. आपल्या देशांत मात्र एकच जात आहे. बाभळी-बोरींच्या रानांत, शेताच्या बांधावर, जुन्या दाट कुंपणांत ती राहते. दोहों बाजूंनीं दाबल्यासारखें चपटें अंग, माथ्यावर टोपीसारखा उंचवटा आणि फांदीला वेढा घालणारें शेपूट, असा याचा थाट असतो. पायाचीं बोटें दोन व तीन अशीं जुळून प्रत्येक पंजाची जणुं सांडशीच झालेली असते. दोन डोळे एकमेकांस न विचारतां फिरतात. एक पुढें पाहत असतां दुसरा मागचा समाचार घेतो. आणि जीभ तर अंगाच्या लांबीहूनहि दूर जाऊन किडा टिपून आणते. या जिभेविषयीं पुढें बोलावयाचें आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील बारा वर्षांच्या मुलास हा प्राणी त्याच्या मामांनीं शेताच्या बांधावरून आणून दिला होता. मुलानें तो चार महिने मासे ठेवण्याच्या कांचेच्या पेटींत पाळला. पुढें वडिलांची बदली झाली, सामान बांधलें गेलें, आणि निघण्याच्या आदल्या सायंकाळीं तो मुलगा ती पेटी दोन्ही हातांनीं छातीशीं धरून आमच्या दारांत येऊन उभा राहिला. "काकू, ह्याला तुम्ही ठेवून घ्याल का? चार दिवस झाले, हा जेवत नाहीं. माझ्यावर रागावला आहे," असें म्हणतांना त्याचे डोळे भरून आले.

या मुलानें हयगय केली, असें कोणी समजूं नये. शाळेपूर्वीं तो रोज नाकतोडे धरून आणी. पेटींतील वाटी ताज्या पाण्यानें भरी. थंडी लागूं नये म्हणून पेटी खिडकीच्या बंद तावदानाशीं ठेवी. आणि मित्र आले म्हणजे मोठ्या अभिमानानें त्यास हातावर घेऊन कधीं तांबड्या तर कधीं हिरव्या रुमालावर बसवी. प्रेमांत कांहीं उणें नव्हतें. तथापि पेटींत जें आम्हांस दिसलें, तें पाहून मन चरकलें. भर उजेडांत प्राण्याचे डोळे मिटलेले व खोल गेलेले होते, कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या, पुढचा एक पाय कोपरापाशीं वांकडा झाला होता, आणि ज्यानें फांदीवर ताठ उभें राहावयाचें, तो पोट टेकून तळाशीं पडला होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांस आम्ही त्याच रात्रीं दूरध्वनि केला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्याकडे प्राणी घेऊन गेलों. त्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढून आमच्यापुढें धरलें. ज्या ठिकाणीं हाडें ठळक पांढरीं दिसावयाचीं, तेथें नुसती धूसर छाया होती. वांकडा दिसणारा पाय मोडून तसाच जुळून आला होता. मग त्यांनीं जें सांगितलें, तें ऐकून आम्हांस आपल्या अज्ञानाची लाज वाटली.

घोयरा वाटींतलें पाणी पीत नाहीं. तो पानांवरचें दंव व पावसाचे थेंब चाटून तहान भागवितो; निश्चल पाण्याकडे त्याचें लक्षच जात नाहीं. मुलगा अधूनमधून पेटींत पाणी शिंपडी, तेवढ्यावरच तो तगला असावा. एरव्हीं भरल्या वाटीशेजारीं बसून तो तहानेनें वाळत होता. दुसरी गोष्ट उन्हाची. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांच्या योगानें या प्राण्याच्या कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्यावांचून अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. हे उपयोगी किरण साधी कांच जवळजवळ सर्व अडविते. तावदानाआड त्याला उजेड मिळाला, ऊबहि मिळाली. मिळालें नाहीं तें ऊन. रक्तांतील कॅल्शियम कमी पडूं लागलें कीं शरीर आपल्याच हाडांतून तें काढून घेतें. मग जबडा मऊ पडतो, पाय वांकतात, आणि पकड घेतांना हाड मोडतें.

आतां त्या जिभेविषयीं. ती फेंकावयाची म्हणजे स्नायूंस जोर लागतो, आणि स्नायूंच्या कामासहि कॅल्शियम लागतें. तें फार घटलें म्हणजे प्राणी किडा पाहतो, नेम धरतो, तोंड उघडतो, परंतु जीभ बाहेर जात नाहीं. घोयरा मुलावर रागावला नव्हता. समोर बसलेला नाकतोडा त्यास दिसत होता, हवा होता, आणि खातां येत नव्हता. हें आम्ही त्या मुलास त्याच दिवशीं, गाडी सुटण्यापूर्वीं, दूरध्वनीवर सांगितलें. तो बराच वेळ कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, "म्हणजे चूक माझीच." यावर त्याचें समाधान करणें आम्हांस जड गेलें, कारण खोटें समाधान करूं नये, असें वाटत होतें.

रंगांची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. रुमालाच्या रंगाप्रमाणें घोयरा रंग घेतो, हा समज खोटा आहे. त्याचा रंग प्रकाश, ऊब, भय, प्रतिस्पर्ध्याचें दर्शन यांवरून बदलतो. इ. स. २०१५ मध्यें जिनीव्हा विश्वविद्यालयाच्या शास्त्रज्ञांनीं मादागास्करमधील एका जातीवर प्रयोग करून दाखविलें कीं, या प्राण्याच्या कातडींतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रांगा असतात. त्यांतील अंतर कमीअधिक झालें म्हणजे परावर्तित होणारा रंग बदलतो. ही रचना मोठी विलक्षण आहे. परंतु आमच्या शेजाऱ्याच्या दिवाणखान्यांत मुलें टाळ्या पिटून जो रंगांचा खेळ पाहत होतीं, त्यांत बराच भाग त्या प्राण्याच्या भीतीचा होता. मोठ्या हातांनीं उचललें जाणें म्हणजे त्याच्या लेखीं शत्रूच्या तावडींत सांपडणेंच.

आमच्या आजींस हा पाहुणा प्रथम मुळींच रुचला नव्हता. "असलें जनावर घरांत नको," असें त्यांनीं पेटी पाहतांच बजाविलें होतें. वैद्यांकडून परत आल्यावर वहिनींनीं सर्व हकीकत सांगितली, तेव्हां त्या पेटीजवळ आल्या, चष्मा पुसून त्यांनीं तो वांकडा पाय नीट न्याहाळला, आणि म्हणाल्या, "अग, हा तर मुडदूस. ह्याला कोंवळें ऊन कोणी दाखविलेलेंच नाहीं." ज्यांनीं घरांतील सात मुलें तेल लावून सकाळच्या उन्हांत पायांवर घेतलीं, त्यांना क्ष-किरणांच्या चित्राची गरज पडली नाहीं. त्यानंतर शुश्रूषेची सूत्रें आजींकडेच गेलीं.

ती शुश्रूषा वैद्यांच्या सांगण्याप्रमाणें अगदीं साधी होती. कांचेची पेटी काढून टाकली, आणि जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत जास्वंदीची कुंडी ठेवून तींत प्राण्यास फांदीजवळ सोडलें. तीन बाजूंस पातळ धोतर लावून वर्दळ दिसेनाशी केली. कोमट पाण्याचा बारीक फवारा पानांवर दिवसांतून चार वेळां मारला. अंगावर धार धरली नाहीं. सकाळचें ऊन अंगणांत थोडा वेळ दाखविलें, तेंहि अर्ध्या पिंजऱ्यावर सांवली राखून, म्हणजे नकोसें झाल्यास त्याला सरकतां यावें. कांचेच्या पेटींत उन्हांत ठेवणें म्हणजे प्राणी भाजून काढणें होय. कॅल्शियमचें औषध वैद्यांनीं स्वतः मोजून दिलें. आपल्या मनानें तें पाजूं नये, कारण अधिक झालें तरी अपाय होतो. दूध, भात, भाजी यांचा त्यास उपयोग नाहीं. तोंड बळेंच उघडून कांहीं घालूं नये. पाणी श्वासनलिकेंत गेलें तर प्राण जातो. अंगांत पाणी मुरेपर्यंत अन्नाची घाई नको. पुढें किडे द्यावयाचे, तेहि औषध न फवारलेल्या जागेचे. आणि काजवा चुकूनहि देऊं नये, तो सरड्यांच्या जातीस विषारी आहे. पिंजऱ्यास हात लावल्यावर प्रत्येकानें साबणानें हात धुवावे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पोटाच्या विकाराचे जंतु येऊं शकतात, आणि घरांत तान्हें मूल व म्हातारें माणूस असल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी.

पहिल्या दिवशीं दुपारीं एका पानाच्या टोकाशीं थेंब लोंबत होता. घोयऱ्यानें एक डोळा उघडला. मग अगदीं सावकाश तोंड पुढें करून त्यानें तो थेंब चाटला, आणि नंतर एकामागून एक पंधरा-वीस थेंब घेतले. घरांतील मुलें श्वास रोखून पाहत होतीं. आजींनीं ओठांवर बोट ठेवलें होतें. तान्हें पोर पहिल्यांदा पेज गिळतें तेव्हां घरांत जी शांतता पसरते, तीच त्या वेळीं आमच्या पडवींत पसरली होती.

अर्थात् मुलांचा हट्ट सुरू झालाच. आतां आपल्याला सर्व कळलें आहे, तर तो आपणच ठेवूं, असें त्यांचें म्हणणें. त्यांचा युक्तिवाद वाईट नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन डळमळलें होतें. परंतु इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें हा प्राणी संरक्षित आहे. तो परवानगीवांचून धरणें वा पाळणें हा गुन्हा आहे. असा जीव आपल्या हातीं आल्यास ४८ तासांच्या आंत वनखात्यास किंवा पोलिसांस कळवावें लागतें. महाराष्ट्रांत वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनि-क्रमांक याच कामीं येतो. परदेशी जातींचे शॅमेलिऑन कोणी बाळगीत असल्यास त्यांचीहि नोंदणी २०२२ च्या सुधारणेनें आवश्यक केली आहे. आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळींच वर्दी दिली होती. तिसऱ्या दिवशीं खात्याचे दोघे कर्मचारी येऊन प्राणी उपचारकेंद्रांत घेऊन गेले. कायदा नसता तरीहि आमचें उत्तर तेंच असतें काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारून पाहिला आहे. दोन दिवसांची सेवा करणारें घर आणि चार महिने प्रेम करणारें घर, या दोहोंत त्या प्राण्याच्या दृष्टीनें फारसा फरक नव्हता. दोन्ही घरांना भिंती होत्या.

पावसाळा सरतां सरतां केंद्रांतून निरोप आला. हाडें पुष्कळ सुधारलीं होतीं. पाय वांकडाच राहणार होता, पण पकड बळकट झाली होती व जीभ नेमकी जात होती. सोडतेवेळीं मुलांस घेऊन येण्याची अनुज्ञा मिळाली. माळावरच्या एका बाभळीजवळ पिंजऱ्याचें दार उघडलें. तो एक पाऊल टाकी, वाऱ्यावरच्या पानासारखा मागेंपुढें झुले, मग दुसरें टाकी. दहा मिनिटांत, सात जणांचे चौदा डोळे त्याच्यावर खिळलेले असतां, तो पानांत दिसेनासा झाला. "त्यानें वळूनसुद्धां पाहिलें नाहीं," अशी आमच्या धाकट्या पुतण्यानें तक्रार केली. आजी म्हणाल्या, "त्याला पाहावयाला वळावें लागत नाहीं रे."

त्या रात्रीं आम्ही शेजारच्या मुलास सविस्तर पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. त्यांत एकच प्रश्न होता: आपण भेटलों असतों, तर त्यानें ओळखलें असतें का? बहुधा नाहीं, असें आम्ही कळविलें. आणि त्याखालीं हेंहि लिहिलें कीं, चूक झाली हें खरें, तरी पेटी रानांत टाकून न देतां किंवा सामानाबरोबर न नेतां तूं ती मदत मागत दुसऱ्याच्या दारीं आणलीस, म्हणून तो प्राणी आज जिवंत आहे. या दोन्ही गोष्टी तुझ्याच हातून झाल्या आहेत.

सरड्याची धांव कुंपणापर्यंत, ही म्हण आम्ही अलीकडे जरा जपून वापरतों. ज्याची सारी वस्ती, सारें अन्न आणि पिण्याचें दंव त्या कुंपणांतच आहे, त्यानें त्यापलीकडे धांवावें तरी कशासाठीं? ज्या वाचकांच्या शेतास किंवा बागेस अजून जिवंत कुंपण आहे, त्यांनीं तें तोडून तेथें तार वा भिंत घालण्यापूर्वीं एकदां सकाळीं त्याजवळ पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें, एवढीच आमची विनंती आहे.