घोसाळ्याची जाळी आणि मांडीचा स्नायू

बोटाला विळी लागली की आपण चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा भाजी चिरायला बसतो. भरून येतंच ते! स्नायूंचंही तसंच. त्यांच्या तंतूंना लगटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने १९६१ साली त्यांचं वर्णन केलं. दुखापत झाली की त्या जाग्या होतात नि नवे तंतू तयार करतात. पण अपघातात स्नायूचा लचकाच गेला, तर त्यांना आधार उरत नाही. तिथे नुसता निबर व्रण भरतो. जखम बरी दिसते, पाय मात्र साथ देत नाही.

माझ्या वन्संच्या मुलाचं स्कूटरच्या अपघातात असंच झालं, म्हणून मी याबद्दल वाचू लागले. आणि वाचताना आठवलं ते घोसाळं! वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची साल नि बिया काढल्या की अंग घासायची जाळी उरते ना? अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. स्टीफन बॅडिलॅक यांनी डुकराच्या मूत्राशयाची अशीच जाळी वापरली. (नाक मुरडू नका हं, त्यातल्या पेशी पार धुऊन काढलेल्या असतात.) व्रण कापून तिथे ही जाळी शिवायची. ती हळूहळू विरघळते आणि विरघळता विरघळता शरीरातल्याच पेशींना तिथे बोलावते. २०१४ साली पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तिघांची ताकद २० टक्के किंवा अधिक वाढली होती. अख्खा नवा स्नायू उगवला असं मुळीच नाही, आणि हा उपचार अजून सर्रास होतही नाही. तेव्हा कुणी जाहिरात केली तर भुलू नका.

मला खरं महत्त्वाचं वाटलं ते पुढेच. या रुग्णांकडून आधी कित्येक आठवडे व्यायाम करून घेतला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत पुन्हा सुरू! ताण पडल्याशिवाय पेशींना कळत नाही, इथे स्नायू हवा आहे ते.

आणि आमच्या वन्सं? पोरगा कण्हला की “राहू दे रे आज” म्हणायच्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दारातूनच परत पाठवायच्या. मी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काल गेले तर पाण्याचा तांब्या पलंगाजवळून हलवून समोरच्या खिडकीत ठेवलेला, आणि वन्सं स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून.