घाणा किती मोठा?

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घराघरांतून घाण्यांचीच भाषा चालते. चकलीचा पहिला घाणा मऊ पडला, अनारशांचा दुसरा घाणा हसला, तिसरा मात्र साधला. घाणा म्हणजे किती, हे कोणी कोणाला विचारत नाही. कढईचा घेर ते सांगतो. हा घरगुती शब्द ध्यानात ठेवूनच मी आज एका परदेशी बाटलीविषयी भांडायला बसलो आहे. फराळाच्या अंकात दारूचा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. भांडण दारूचे नाही, शब्दांच्या मापाचे आहे.

अलीकडे आपल्या मराठी बैठकींतून, मग ती बेळगावातली असो की पणजीतली, एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. म्हणे, आपल्या फेणीत काही कमी नाही. तिला फक्त ‘गोष्ट’ नाही. अमेरिकेतल्या केंटकीची ती ‘बुकर्स’ बर्बन बघा! आजोबा, नातू, पणतू, लाकडी पिंपे, मेणाने मढवलेले बूच, प्रत्येक घाण्याला वेगळे नाव. गोष्ट विकली की माल विकला. फेणीलाही अशी एखादी गोष्ट रचून द्या, की झाले काम!

हा सिद्धान्त मला साफ अमान्य आहे. गोष्टीवर बाटली एकदा विकली जाते, आणि पुन्हा पुन्हा विकली जाते ती विश्वासावर. तो विश्वास कोठून येतो, हे पाहायचे तर बुकर्सचाच इतिहास नीट वाचला पाहिजे.

गोष्ट चांगली आहे, हे मीही मान्य करतो. जेकब बीम या जर्मन वंशाच्या शेतकऱ्याने १७९५ च्या सुमारास केंटकीत व्हिस्की विकायला आरंभ केला, असे ते घराणे सांगते. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी आली. ती उठल्यावर जेम्स बीम या घराण्यातल्या गृहस्थाने सत्तरीच्या उंबरठ्यावर क्लेरमाँट येथे भट्टी नव्याने उभारली. याच जिम बीमचा नातू म्हणजे बुकर नो. जन्म १९२९ चा. चाळीसहून अधिक वर्षे त्याने त्या कंपनीत काढली आणि तिथला मुख्य भट्टीकार म्हणून नाव मिळवले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने निवडक पिंपांतली बर्बन पाणी न घालता आणि न गाळता बाटल्यांत भरून नाताळची भेट म्हणून दिली. लोकांनी ती उचलून धरली, आणि ती बाजारात आली. १९९२ मध्ये कंपनीने बुकर्स, बेकर्स, बेसिल हेडन्स आणि नॉब क्रीक अशा चार बर्बन एकत्र करून ‘स्मॉल बॅच’ संग्रह काढला. २००४ मध्ये बुकर नो वारला. त्याचा मुलगा फ्रेड आणि नातू फ्रेडी यांनी काम पुढे चालवले.

गोष्ट येथे संपते. आता बाटलीकडे वळू. बाटलीवर दोन तऱ्हेचे शब्द आहेत: ज्यांच्यामागे कायदा उभा आहे असे, आणि ज्यांच्यामागे कोणीच उभे नाही असे.

पहिला शब्द ‘बर्बन’. अमेरिकेत हे नाव लावायचे तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. गाळताना ताकद १६० प्रूफच्या वर जाता कामा नये. आतून जाळून काळे केलेले ओकचे पात्र कोरे हवे. आणि त्यात माल भरताना ताकद १२५ प्रूफहून अधिक नको. अमेरिकेतला प्रूफचा आकडा मद्यार्काच्या टक्क्यांच्या दुप्पट असतो. म्हणजे १२५ प्रूफ म्हणजे साडेबासष्ट टक्के. रंग, साखर, अर्क काही घालायचे नाही. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचेच खास उत्पादन ठरवले.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. एकोणिसाव्या शतकात तिथेही साध्या मद्यार्कात रंग नि चव मिसळून ती व्हिस्की म्हणून सर्रास खपवली जात असे. प्रामाणिक भट्टीवाल्यांनीच आरडाओरडा केला, तेव्हा १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला: एकाच भट्टीचा, एकाच हंगामाचा, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षे मुरलेला, १०० प्रूफचा माल. तरी व्हिस्की नेमकी कशाला म्हणावे हा वाद मिटेना. अखेर १९०९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना निवाडा द्यावा लागला! एका शब्दाच्या अर्थासाठी राष्ट्राध्यक्षाने बसावे, याला मी त्या समाजाचे शहाणपण म्हणतो.

दुसरा शब्द ‘बॅरल प्रूफ’, म्हणजे पिंपातली मूळ ताकद. बुकर्सची ओळख हीच. या शब्दालाही १९७९ पासून माप आहे: पिंपातून काढताना जी ताकद होती, तिच्याहून बाटलीतली ताकद दोन प्रूफपेक्षा अधिक उतरलेली चालत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला यातले मर्म लगेच कळेल. गवळ्याने दुधात घातलेले पाणी वेगळे आणि आपण चहात घातलेले पाणी वेगळे. बुकर नो स्वतः आपल्या बर्बनमध्ये पाणी घालून पीत असे. प्रश्न पाण्याचा नव्हताच. पाणी कोणी घालायचे आणि ते कोणाला ठाऊक असायचे, हा प्रश्न होता.

तिसरी गोष्ट आकड्यांची. २०१६ मध्ये या नावाने एक राय, म्हणजे राय धान्याची व्हिस्की, निघाली. वय १३ वर्षे १ महिना १२ दिवस, ताकद १३६.२ प्रूफ. जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१७ च्या आवृत्तीने तिला वर्षाची सर्वोत्तम व्हिस्की ठरवले. मला त्या किताबापेक्षा आकडे महत्त्वाचे वाटतात. रायलाही पिंपात भरताना १२५ ची मर्यादा आहे. मग ती १३६ वर कशी गेली? केंटकीच्या उन्हाळ्यात उंच गोदामाच्या वरच्या मजल्यांवर पिंपे तापतात, लाकडातून मद्यार्कापेक्षा पाणी अधिक उडून जाते, माल घटतो आणि ताकद चढते. आकडा असा स्वतःचा इतिहास सांगतो, आणि जाणत्याला तो पडताळून पाहता येतो.

आता ज्या शब्दामागे कोणीही उभे नाही तो पाहा: ‘स्मॉल बॅच’. छोटा घाणा! किती छोटा? वीस पिंपे? दोनशे? दोन हजार? अमेरिकेच्या कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या बर्बन उत्पादकाने तो आपल्या मालावर छापला, तो लोकप्रिय केला, आणि मग ज्याला वाटेल त्याने तो उचलला. त्याच चार भावंडांत बुकर्स सव्वाशेच्या घरातली, तर बेसिल हेडन्स अवघी ८० प्रूफची. दोन्ही ‘स्मॉल बॅच’! म्हणजे हा शब्द ताकद सांगत नाही, वय सांगत नाही आणि आकारही सांगत नाही. कढई न दाखवता घाण्याची फुशारकी मारण्याचा हा प्रकार आहे.

घाण्यांच्या नावांचेही तसेच. २०१५ पासून प्रत्येक घाण्याला नाव मिळू लागले. २०१८ चा ‘कॅथलीन्स बॅच’, २०१९ चा ‘कंट्री हॅम’, २०२० चा ‘ग्रॅनीज बॅच’. आजी झाली, ओसरी झाली, स्वयंपाकघरातले टेबलही झाले. नावे गोड आहेत. पण नावाने पिंपातला माल बदलत नाही.

गोष्टीची ताकद किती, याची परीक्षा २०१६ च्या डिसेंबरात झाली. बीम कंपनी २०१४ मध्ये जपानच्या सनटोरीने घेतली होती. कंपनीने जाहीर केले की बुकर्सचे घाणे आता वर्षाला कमी निघतील आणि बाटलीची किंमत सुमारे ६० डॉलरवरून १०० डॉलरवर जाईल. आजोबांची गोष्ट तीच, मेणाचे बूच तेच. तरी निष्ठावंत गिऱ्हाईक खवळले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घेऊन वाढ सत्तर-पंचाहत्तर डॉलरच्या आसपास थांबवावी लागली. गोष्टच माल विकत असती, तर गिऱ्हाइकाने मुकाट्याने शंभर मोजले असते. पण आत काय आहे हे त्याला लेबलने वर्षानुवर्षे सांगितले होते. म्हणूनच तो भांडू शकला. जाणते गिऱ्हाईक कायदा घडवतो. भक्त गिऱ्हाईक गोष्टच घडवते.

आता आपल्या अंगणात येऊ. २०२५ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने बर्बनवरचे आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. परक्या पिंपाला वाट रुंद झाली. आणि आपली काजूफेणी? २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोव्याने तिला देशी दारूच्या रांगेतून उठवून वारशाचा मान दिला. मान मिळाला, पण माप मिळाले का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बाटल्यांवर बोंडे कोणत्या गावची, हंगाम कोणता, भट्टी तांब्याची की आणखी कशाची, यातले अक्षर नसते. अपवाद असतील, त्यांना माझा नमस्कार. भट्टीवरचा म्हातारा मात्र हुर्राक कुठे संपली आणि फेणी किती ग्रावांची उतरली हे चोख सांगतो. ज्ञान आहे, परंपरा आहे, शब्दही आहेत. ते फक्त बाटलीवर उतरत नाहीत. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. मी म्हणतो, पिकते तिथे कोणी विचारतच नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक, दारू वाईटच, तिचे लेबल चोख झाले म्हणून काय? दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या सीमाभागात कमी नाहीत आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बोलत नाही. पण आत काय आहे हे न सांगणारी बाटली पिणाऱ्याला अधिक घातक असते, कमी नव्हे. दुसरा आक्षेप असा की लहान भट्टीवाल्याला ही नोंदवही झेपणार नाही. पण गाव, हंगाम, ताकद आणि घाण्याचा क्रमांक, या चार ओळी लिहायला कारखाना लागत नाही. उलट मोठ्या भेसळवाल्यापासून त्याला वाचवतील त्या याच चार ओळी. केंटकीत १८९७ मध्ये कायदा मागायला पुढे आले ते प्रामाणिक भट्टीवालेच होते.

म्हणून फेणीला गोष्ट द्या म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे: केंटकीहून काही आणायचेच असेल तर आजोबा आणू नका, आजोबा आपल्याकडेही आहेत. आणायची ती शब्दाला माप लावण्याची सवय आणा. आणि पुढच्या वेळी कोणी ‘स्मॉल बॅच’ म्हणत बाटली टेबलावर ठेवली, मग ती परदेशी असो की गोव्याची, तर घरातल्या बाईच्या अधिकाराने एवढेच विचारा: घाणा किती मोठा? कढई दाखवा!