जागलीची बंदूक आणि तिचा कारागीर



कापसाच्या भावाची चर्चा आटोपली, चहा झाला, माणसे चपला शोधू लागली की बैठकीत एक प्रश्न हळू आवाजात हमखास येतो. ‘बंदूक नीट करून देणारा कोणी ओळखीचा आहे का?’ बंदूक कसली, तर गावठी. कोणी तिला भरमार म्हणतो, कोणी ऐटीत रायफल म्हणतो. (खऱ्या रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, हिच्या नळीत गंजाशिवाय काही नसते.) तीनदा चाप ओढावा तेव्हा एकदा बार उडतो. कधी चाप ओढल्यावर काहीच होत नाही आणि बंदूक खाली घेता घेता उडतो. रानडुकरांचा कळप तोवर धुरा ओलांडून पलीकडच्या वावरात गेलेला असतो.

या प्रश्नाला आमचे उत्तर आहे की असा कारागीर शोधू नका. मात्र एवढे सांगून आम्ही मोकळे होणार नाही. हा प्रश्न विचारण्याची पाळी शेतकऱ्यावर कोणी आणली, तेही बोलले पाहिजे.

आधी लोखंडाचे बघू. कारखान्यात रीतसर बनलेल्या बंदुकीची नळी विकण्याआधी नेहमीपेक्षा जोरदार बार भरून तपासतात. ती टिकली तरच तिच्यावर ठसा मारतात. गावठी नळीची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते. आत चीर गेली असेल तर बाहेरून दिसत नाही. कारागीर फार तर घोडा आणि चाप सुधारील, नळीची जात तो बदलू शकत नाही. म्हणजे दुरुस्तीनंतर होणार काय, तर कच्च्या नळीतून आता प्रत्येक वेळी बार उडणार. आज तो तीनदा ओढल्यावर एकदा उडतो, म्हणून अनेकांचे डोळे आणि बोटे अजून शाबूत आहेत.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. विनापरवाना साधी बंदूक नुसती जवळ बाळगली तरी किमान २ आणि कमाल ५ वर्षे. परवाना असलेला दुकानदार विनापरवाना बंदुकीला हात लावणार नाही आणि हात लावणारा लोहार तुमच्याबरोबर जेलात जाईल. गावच्या लोहाराला चार पैशांसाठी या फासात ओढायचे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सगळे ठाऊक असूनही माणूस ती बंदूक छपरात खोचून का ठेवतो? पेरणीपासून सवंगणीपर्यंत रोज रात्री माळ्यावर बसून, डबडे वाजवून, हाळ्या देऊन पाहा म्हणजे कळेल. रोह्यांचा कळप एका रात्रीत कोवळी पऱ्हाटी शेंड्यापासून खुडतो. रानडुक्कर ज्वारीचे ताट आडवे पाडून कणीस खाते आणि खाते त्याहून जास्त तुडवते. ज्वारीला भाव नाही हे खरे. पण वऱ्हाडात आणि मराठवाड्यात कित्येकांनी ज्वारी सोडली ती या जागलीला कंटाळूनही. ज्वारी गेली, तिच्यामागून कडबा गेला आणि कडब्यामागून दावणीची जनावरे गेली. नुकसानभरपाईची योजना आहे, पण पंचनामा होईपर्यंत तुडवलेल्या तुऱ्हाट्यावर दुसरे गवत उगवलेले असते.

मग कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी वाघ चिकटतो आणि कधी पहाटे निंदणाला निघालेली शेजारची बाई चिकटते. गावठी बंदुकीपेक्षाही हा वाईट मार्ग आहे. आमच्या कोणत्याही कार्यकर्त्याने तो धरू नये.

आता बहुतेकांच्या कानावर न गेलेली गोष्ट. याच शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास सोय आहे. मागणी खरोखर पिकासाठी असेल आणि नाकारण्याचे दुसरे कायदेशीर कारण नसेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावयाचा आहे. ‘देऊ शकतो’ असे शब्द तिथे नाहीत. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी त्याची खात्री पटली तर काडतुसाच्या साध्या नळीच्या बंदुकीचा परवानाही तो देऊ शकतो. कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. इतकी वर्षे तो पुस्तकात आहे आणि शेतकरी लोहाराच्या दारात.

हे मुळापासूनचे दुखणे आहे. १८७८ मध्ये लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा केला तो प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी. गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला होता. सत्ता आल्यावर तो हक्क संविधानात आला नाही. परवाना मात्र राहिला, परवाना देणारा राहिला आणि त्याच्या दाराशी ताटकळणारा शेतकरीही राहिला.

बरे, परवाना मिळाला म्हणजे सुटलो असेही नाही. बंदुकीचा कागद जिल्हाधिकाऱ्याचा, जनावर मारण्याचा कागद वनखात्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला घातक ठरलेले रानडुक्कर किंवा रोही मारण्याची लेखी परवानगी लागते आणि मेलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. त्यात निवडणूक जाहीर झाली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते. छाननी समितीने प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे असा नियम आहे. तो दाखवून पिकासाठीची बंदूक सोडा असा अर्ज जरूर करावा. विधानसभेची निवडणूक २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली, म्हणजे बोंड फुटायच्या आणि कणीस भरायच्या दिवसांत. डुकरांना आचारसंहिता नसते.

आणि परवान्याची जुनी बंदूक बिघडली तर? तिचा रीतसर कारागीर शहरातल्या बंदुकीच्या दुकानात. तोही म्हातारा झालेला, पोरगा दुसऱ्या धंद्यात गेलेला. परवाना सोबत घेऊन, दिवस मोडून जावे, वहीत नोंद करून बंदूक ठेवावी आणि निरोपाची वाट पाहावी. तोवर हंगाम संपतो. नियम पाळणाऱ्याला एवढा वळसा आणि न पाळणाऱ्याला लोहार शेजारीच, अशी ही व्यवस्था आहे.

शेतकरी असा निहत्था झाला की काय होते ते बिहारने दाखवले. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये रोही आणि रानडुक्कर काही जिल्ह्यांत उपद्रवी ठरवले गेले आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात रोही मारायला थेट हैदराबादहून नेमबाज आणले. केरळने मे २०२२ मध्ये रानडुकरापुरती परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखाकडे सोपवला. अधिकार गावात आला, पण परवान्याची बंदूक चालवणारे पुरेसे मिळेनात. आम्हाला केरळची वाट बरी वाटते, मात्र तिच्यासोबत बंदूक, ती चालवण्याचे शिक्षण आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी तालुक्यापर्यंत आल्या पाहिजेत. वाघ-बिबट्यांच्या जंगलालगत कोणी कुठे आणि कोणत्या जनावरावर बार काढावा हे कडक ठरवावे लागेल, त्याला आमची ना नाही.

जिल्हा बैठकीत याचा ठराव येईल. पीकसंरक्षणाच्या अर्जाचा निकाल खरीप पेरणीआधी लेखी द्यावा. नाकारला तर कारण लिहून द्यावे, म्हणजे अपील करता येईल. महिन्यातून एक दिवस परवानाधारक कारागिराला तालुक्याच्या गावी, पोलिसांच्या देखत, दुरुस्तीला बसवावे. वनखात्याची परवानगी त्याच तालुक्यात मिळावी.

आजोबा-वडिलांच्या नावावरची परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी तशीच पडून आहे, त्यांनी ती दडवू नये. कलम २१ प्रमाणे विनाविलंब ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. जी बंदूक मुळातच कधी परवान्यावर नव्हती तिला ही सोय लागू नाही. तिच्याबद्दल आधी वकिलाला विचारावे आणि तोवर तिच्यात बार भरू नये.

बैठकीला येताना सातबारा, पीकनुकसानीच्या पंचनाम्याची प्रत आणि जुना परवाना असल्यास त्याची झेरॉक्स आणावी. अर्ज लिहून देणारे दोन कार्यकर्ते दारापाशीच बसतील. बंदूक कोणीही आणू नये.