ऑपरेटर नुसता बटण दाबत नाही



'नॉनवोव्हन म्हणजे बंदी आलेल्या पिशव्या आणि ऑपरेटर म्हणजे बटण दाबणारा' हे गेल्या अंकातले पत्र वाचून वाईट वाटले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात पॉलिप्रॉपिलिनच्या नॉनवोव्हन पिशव्यांवर बंदी आली, हे खरे. पण चाकणला आम्ही गाड्यांसाठी नीडल पंच कापड करतो: पायाखालचे कार्पेट, डिकीचे अस्तर. तेही नॉनवोव्हनच, म्हणजे त्यात ताणाबाणा नसतो. पिंजलेल्या तंतूंच्या थरात हजारो काटेरी सुया मिनिटाला शेकडो वेळा घुसतात आणि तंतू एकमेकांत गुंततात. सुई तुटली की कापडावर बारीक रेघ उमटते. ती मशीनच्या पॅनलवर दिसत नाही. मी हात फिरवून ओळखतो, लूम (सुयांचे यंत्र) थांबवतो, सुई बदलतो. तुटका तुकडा सापडेपर्यंत रोल पुढे सोडत नाही, कारण तो तुकडा उद्या कुणाच्या तरी पायात घुसेल.

कार्डिंगपाशी, म्हणजे तंतू पिंजतात तिथे, दिवसभर लव उडते. लूमचा आवाज तर घरी जेवतानाही कानात असतो. आमच्यातले बरेच जण कंत्राटी आहेत. त्यांच्या कानांची आणि फुप्फुसांची तपासणी कायम कामगारांसारखीच दरवर्षी व्हावी, हा विषय आपण लावून धरावा, ही विनंती.

– एक मशीन ऑपरेटर, खराबवाडी (चाकण)