मांजराची जखम घरी धुवा, पण तुमची स्वतःची विसरू नका

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला नेहमी येणाऱ्या एक काकू दवाखान्यात आल्या. बी.पी. मोजून झाल्यावर त्यांनी हळूच मोबाईल पुढे केला. फोटोत त्यांचा बोका होता. गालाखाली जखम, भोवतीचे केस हळदीने पिवळे झालेले. "डॉक्टर, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देऊ का? आणि ह्यांच्या दाताच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल उरल्या आहेत, त्या चालतील का? पशुवैद्य तीनशे-चारशे रुपये घेतात हो."

माझे लक्ष मात्र त्यांच्या मनगटाकडे गेले. त्यावर रुमाल बांधलेला होता. सोडून पाहिला तर दाताच्या दोन खुणा आणि भोवती लाली. हळद लावताना बोक्याने चावा घेतला होता, आदल्या संध्याकाळी. "ते काही नाही, आपलंच मांजर आहे," काकू म्हणाल्या.

त्या काळात घरोघरी टीव्हीवर एकच विषय होता. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलून नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्यांच्या भागात सोडायला सांगितले आणि विषयाची व्याप्ती देशभर नेली. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला. या सगळ्या चर्चेचा एक फायदा मला दवाखान्यात दिसला. कुत्रा चावला की लोक आता वेळ न घालवता येतात. तोटाही दिसला. रेबीज म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा, हे समीकरण अधिक घट्ट झाले. केंद्र सरकारच्या 2030 पर्यंतच्या रेबीज निर्मूलन आराखड्याच्या नावातही 'कुत्र्यांपासून होणारा रेबीज' असेच शब्द आहेत. ते चूक नाही, कारण आपल्याकडे माणसाला होणारा बहुतेक रेबीज कुत्र्यामुळेच होतो. पण रात्री गच्चीवर भांडून पहाटे तुमच्या पांघरुणात शिरणारे मांजर या चर्चेत कुठेच नाही. त्याची जखम कुणी केली हे आपण पाहिलेले नसते. दुसऱ्या बोक्याने केली असेल, पत्र्याने झाली असेल, किंवा कुत्र्यानेही केली असेल.

म्हणून मांजराच्या जखमेविषयी एका माणसांच्या डॉक्टरने लिहायचे ठरवले. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी मांजराला औषध लिहून देऊ शकत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मांजराचे शरीर म्हणजे लहान आकाराचे माणूस नव्हे. कारण पुढे येईलच.

घरी काय करता येते

वरवरचे खरचटणे, नखाचा उथळ ओरखडा, छोटीशी चीर आणि मांजर नेहमीसारखे खाते-पिते आहे, एवढ्यासाठी घर पुरेसे आहे. खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आत बसतो.

मांजराला जुन्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त जखमेचा भाग बाहेर ठेवा. एकाने धरायचे, दुसऱ्याने धुवायचे. हातात रबरी हातमोजे हवेत. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहू नका. मग जखम धुवा. मेडिकलमध्ये मिळणारी सलाईनची बाटली उत्तम, नाहीतर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट एक छोटा चमचा मीठ घालून कोमट होऊ द्या. सुई काढलेल्या सिरिंजने धार सोडली की माती आणि केस निघून येतात. जखमेच्या कडेचे केस बोथट टोकाच्या कात्रीने जपून कापा. जंतुनाशक हवेच असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करा, त्याने पुसा आणि नंतर साध्या पाण्याने टिपून घ्या. दिवसातून दोनदा एवढे पुरते. पट्टी सहसा नको. मांजर ती काढतेच, आणि घट्ट बसली तर पाय सुजतो.

खरी अडचण असते चाटण्याची. मांजराची जीभ काटेरी असते, भरत आलेली जखम ती पुन्हा सोलते. दुकानात गळ्याभोवती घालायची प्लास्टिकची कॉलर मिळते. पैसे वाचवायचे असतील तर घरातली जुनी एक्स-रे फिल्म काढा. तिचा शंकूसारखा आकार कापून कडांना चिकटपट्टी लावली की कॉलर तयार. गळ्यापाशी दोन बोटे सहज जातील इतकी सैल ठेवा. माझ्या रुग्णांकडे गुडघ्यांच्या इतक्या फिल्म पडून असतात की निम्म्या तालुक्याची मांजरे सजतील.

घरातले कोणते औषध मांजराला विष ठरते

काकूंची अर्धी गोळी इथे येते. पॅरासिटामॉल आपल्या यकृतात एका ठराविक रासायनिक मार्गाने निष्प्रभ होते. मांजरात तो मार्ग जवळजवळ बंदच असतो. औषधाचे विषारी घटक साठतात, रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मांजर मरू शकते आणि अर्धी गोळीही सुरक्षित नाही. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांचाही घरच्या घरी प्रयोग नको. गोळी चुकून पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे पळा. लवकर गेलात तर उपचार आहेत.

डेटॉल जखमेवर नको, पाण्यात घालूनही नको. त्यातले फिनॉल जातीचे द्रव्य मांजराला सोसत नाही, आणि अंगावर लावलेले ते चाटून पोटात घेतेच. फिनाईल तर मुळीच नाही. जखमेत अळ्या दिसल्या की फिनाईल, रॉकेल किंवा टर्पेंटाईन ओतायची गावाकडची पद्धत अजून आहे. अळ्या मरतात, पण त्यापाठोपाठ मांजरही मरते. हायड्रोजन पेरॉक्साईड आणि स्पिरिट नव्या पेशी जाळतात. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या पावडरीत किंवा थेंबांत परमेथ्रिन असेल तर ते मांजराला झटके आणू शकते.

हळदीवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतात. हळद विष नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तेलात कालवली की तिचा थर बसतो आणि त्याखाली पू झालेला दिसत नाही. काकूंच्या बोक्याचे नेमके तेच झाले होते.

उरलेल्या अँटिबायोटिकबद्दल मी जरा कडकच आहे. माणसाच्या मात्रेची कॅप्सूल चार किलोच्या जिवाला किती द्यायची हे अंदाजाने ठरत नाही. डॉक्सिसायक्लिनची गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, पुढे ती नळी आखडू शकते. शिवाय अर्धवट दिलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच जंतू तुमच्या घरात राहतात. आणि खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात कॅप्सूल उरल्याच का?

पैसे कुठे वाचवू नयेत

मांजरांच्या भांडणात झालेली जखम दिसायला लहान आणि आत खोल असते. सुळा सुईसारखा आत जातो, वरची कातडी एका दिवसात मिटते, जंतू आत कोंडतात. दोन-तीन दिवसांनी गरम, मऊ गाठ येते, मांजर खाणे सोडते, कोपऱ्यात बसते. ही गाठ घरी पिळायची नाही. पशुवैद्य ती उघडून धुतात आणि योग्य औषध देतात. पहिल्याच दिवशी गेले तर खर्च थोडक्यात आटोपतो, पाचव्या दिवशी बिल वाढलेले असते. डोळ्याजवळची जखम, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, लंगडणे, खिडकीतून पडणे, तोंड उघडून श्वास घेणे, दिवसभर उपाशी राहणे, यांतले काहीही दिसले तर घरचे उपाय बंद.

स्वस्तातले पर्याय आहेत. तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत शासनाचे किंवा जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते गाई-म्हशींसाठीच असतात असा समज आहे, पण मांजर घेऊन जायला कोणाची मनाई नाही, शुल्कही नाममात्र असते. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, नागपुरात तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जुनी, भरवशाची ठिकाणे. 6 जुलैचा प्राणिजन्य आजार दिन आणि 28 सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन या सुमाराला अनेक ठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे होतात. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसे बूस्टर द्या. त्या एका लशीचा खर्च खाजगीत माणसाला लागणाऱ्या रेबीजच्या सीरमच्या तुलनेत किरकोळ आहे. लस न घेतलेल्या मांजराला अनोळखी प्राण्याने चावल्याची शंका असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला सांगा.

आणि तुमचे मनगट

मांजर चावले किंवा ओरबाडून रक्त आले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून. या साध्या धुण्याने विषाणूंची संख्या खूप घटते. हळद, चुना, तंबाखू, तिखट काहीही नको. जखम शिवून घेऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत दिली तर 14 व्या दिवसाचाही डोस असतो. दात आत गेला असेल, रक्त आले असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम, म्हणजे लशीबरोबर जखमेत सीरमही टोचावे लागते. ते तालुक्याला नसेल तर जिल्हा रुग्णालयात जावे लागेल, पण लशीचा पहिला डोस त्यासाठी थांबवायचा नाही. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्या.

मांजरावर दहा दिवस नजर ठेवा. रेबीज झालेल्या मांजराच्या लाळेत लक्षणांच्या काही दिवस आधीच विषाणू येतो. दहा दिवस मांजर धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते, आणि पुढचे डोस कमी करायचे का ते डॉक्टर ठरवतात. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचे नाही. एकाएकी हिंस्र होणे, लाळ गळणे, झोकांड्या जाणे किंवा लपून बसणे दिसले तर हात लावू नका, पशुवैद्याला कळवा.

रेबीज सोडूनही मांजराच्या दाताला मी घाबरते. हाताला चावलेले काही तासांत सुजू शकते, स्नायूबंधांपर्यंत पू जाऊ शकतो. मधुमेही, वृद्ध, स्टेरॉईड किंवा कर्करोगाची औषधे घेणारे यांनी तर सूज येण्याचीही वाट पाहू नये.

काकूंचे मनगट दवाखान्यातल्या नळाखाली पंधरा मिनिटे धुतले. त्या वेळभर बोक्याचीच चौकशी करत होत्या. त्यांना अँटिबायोटिक लिहून दिले, लस ग्रामीण रुग्णालयात सुरू झाली, सीरमसाठी मुलाने त्याच दुपारी जिल्ह्याला नेले. बोक्याला जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यांनी पाहिले, हळदीखालचा पू काढला. दहा दिवस तो ठणठणीत राहिला. आता त्याला रेबीजची लस दिली आहे, आणि काकू बी.पी.च्या कार्डाबरोबर त्याचेही कार्ड पिशवीत ठेवतात.