दोन अडचणींचं मूल आणि वीस पटाची शाळा

भोर संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. वेल्हे तालुक्याला सरकारने आता राजगड हे नाव दिलं आहे; तालुक्याचं नाव म्हणूनही ते या खोऱ्यांना नवं नाही. मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा 1947 चा. म्हणजे भोरच्या राज्यकर्त्या पंत सचिवांचं राज्य जाणं आणि प्रत्येक मुलाने शाळेत बसलंच पाहिजे ही अपेक्षा येणं, या दोन्ही गोष्टी गुंजवणी, कानंदी, वेळवंडी आणि नीरेच्या काठच्या गावांनी साधारण एकाच पिढीत पाहिल्या.

त्याआधी मुलाचं लक्ष लागतं की नाही, हे विचारायची वेळच फारशी येत नसे. ज्याच्या पायाला भिंगरी, त्याला गुरांमागे डोंगरावर पाठवत. जो कुणाशी बोलत नसे, तो गोठ्यात आणि खाचरात राबत मोठा होई. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. अशा मुलाला खुळं ठरवणं, देवऋष्याकडे नेणं, घरातच दडवून ठेवणं, हेही त्याच काळातलं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. फरक एवढाच की चार-पाच तास एका जागी बसून एकाच आवाजाकडे लक्ष देण्याची परीक्षा शाळेने आणली, आणि त्या परीक्षेत नापास होणारं मूल पहिल्यांदा ठळकपणे दिसू लागलं.

ते दिसल्यावर वैद्यकशास्त्राने त्याला वेगवेगळ्या दोन खणांत घातलं. 1902 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी बुद्धीने ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन केलं. माणसांपासून अलिप्त, आणि रोजच्या क्रमात जराही बदल झाला तर कासावीस होणारी ही मुलं. पहिल्या वाटेवरून आज आपण ज्याला एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलपणा, म्हणतो ते निदान आलं, दुसरीवरून स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या 1994 च्या आवृत्तीत तर नियमच होता की मूल स्वमग्नतेच्या गटात असेल, तर त्याला एडीएचडीचं वेगळं निदान द्यायचं नाही. मे 2013 मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि हा नियम गेला. मधली 19 वर्षं ज्या मुलाला दोन्ही अडचणी होत्या, त्याला कागदावर एकच होती.

या मुलाकडे जरा जवळून पाहा. तो अंगणात बाटल्यांची बुचं रंगानुसार ओळीने मांडतो. ओळ पुरी व्हायच्या आत उठून पळतो, कारण रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. परत येतो तेव्हा धाकट्या बहिणीने एक बूच हलवलेलं असतं आणि तो जमिनीवर अंग टाकून ओरडतो. ओळ अर्धी सोडली त्यानेच, आणि ती मोडलेली सोसत नाही तीही त्यालाच. स्वमग्नतेला सगळं जसंच्या तसं हवं असतं, चंचलपणाला दर मिनिटाला नवं काही. दोन्हींची ओढाताण त्या एवढ्याशा जिवात चालू असते. शाळेत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तो कानांवर हात ठेवतो आणि तसाच वर्गभर फिरतो. बाई म्हणतात ऐकत नाही. शेजारी म्हणतात लाडाने बिघडलाय. आई दोघांचंही ऐकून घेते आणि संध्याकाळी पुन्हा बुचं गोळा करते.

दोन्ही अडचणी ओळखल्या की उपाय बदलतो, म्हणून हा केवळ नावाचा प्रश्न नाही. चंचलपणावर सर्रास दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध स्वमग्न मुलांवर कितपत चालतं, याची एक मोठी चाचणी 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. 72 मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच फायदा झाला आणि दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागणाऱ्यांचं प्रमाणही लक्षणीय होतं. म्हणजे औषध द्यायचंच नाही असं नाही. पण ते देताना डोळ्यांत तेल घालून पाहणारा तज्ज्ञ हाताशी हवा.

दोन्ही अडचणींकडे पाहायला हवं, हे आपल्याकडे कागदावर आधीच उमजलं होतं, आणि मला ही जमेची बाजू वाटते. स्वमग्नता मोजण्याची 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी, आयएसएए, 2009 मध्ये आली. तिच्यात अतिचंचलपणा आणि सतत बदलणारं अवधान हे दोन्ही मुद्दे आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या 30 आजार-व्यंगांच्या यादीत स्वमग्नताही आहे आणि एडीएचडीही. तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं, संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ही योजना. कायद्यात मात्र खिंडार राहिलं. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्याच्या 21 प्रकारांत ती आली, अध्ययन अक्षमताही आली, पण एडीएचडी आली नाही. 2011 च्या जनगणनेत तर दोन्हींना रकानाच नव्हता.

त्यामुळे भोर-वेल्ह्यात अशी मुलं किती, याचं उत्तर जनगणनेत सापडणार नाही. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात पाच ठिकाणची 2 ते 9 वयाची सुमारे 4 हजार मुलं तपासली होती. त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारचं, उत्तर गोवा. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचण साधारण दर आठ मुलांमागे एकाला निघाली, आणि अशा पाच मुलांत एकाला तरी एकाहून अधिक अडचणी होत्या. ही मुलं सह्याद्रीच्या या बाजूला नसतील, असं मानायला काहीच कारण नाही.

2011 मध्ये वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम 54 हजार होती आणि वस्त्या डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या. पथकाने चिठ्ठी दिली तरी पुढची वाट पुण्याची. चेलाडी फाट्यापर्यंत एक गाडी, तिथून स्वारगेटला दुसरी, तिथून दवाखान्याला तिसरी. आवणीच्या दिवसांत आईने एक दिवस मोडला की रोज बुडतो, आणि गर्दीच्या एसटीत अशा मुलाला सांभाळत नेणं काय असतं, हे त्या आईलाच ठाऊक. तपासणी एका फेरीत संपत नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत किती घरं टिकतात, हे कुणीतरी मोजायला हवं.

अशा मुलाला या खोऱ्यांत आजवर एकच सोय आपसूक लाभली, ती म्हणजे घराजवळची छोटी शाळा. द्विशिक्षकी शाळेत पंधरा मुलं असतात. गुरुजींना प्रत्येकाचं घर माहीत असतं. हा बसत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे घंटा वाजवायचं काम येतं, पाण्याचा हंडा भरायचं येतं. तो व्हरांड्यात चकरा मारत पाढे म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तज्ज्ञ ज्याला अनुकूल वातावरण म्हणतात, त्यातलं निम्मं इथे फुकट मिळतं.

आणि नेमकी हीच शाळा धोक्यात आहे. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने पुढे आणला, तेव्हा नमुना म्हणून तोरणमाळबरोबर वेल्ह्यातल्या पानशेतचं नाव घेतलं. मोठ्या शाळेला प्रयोगशाळा मिळते, खेळाचं मैदान मिळतं, विषयवार शिक्षक मिळतात. बहुतेक मुलांना त्याचा फायदाच होईल, हे मान्य करायला हवं. पण रोजची बस, शेकडो मुलांचा गलका, तासागणिक बदलणारा चेहरा, हे सगळं दोन अडचणींच्या मुलाला सोसणारं नाही. ते घरी बसेल, आणि पटावर त्याची नोंद फक्त गैरहजर अशी होईल. 2016 च्या कायद्याचं 31 वं कलम 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. ज्याच्या हाती अपंगत्वाचं प्रमाणपत्रच पोहोचलेलं नाही, त्याने हा हक्क कुठे मागायचा?

म्हणून पुणे जिल्हा परिषदेकडे आणि आरोग्य विभागाकडे आमचं मागणं असं. भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय इथे महिन्यातून एक ठरलेला दिवस बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यावेत, आणि स्वमग्नता तपासताना अवधानाचीही तपासणी त्याच बैठकीत व्हावी. प्रमाणपत्र तिथेच मिळावं. आणि कोणतीही छोटी शाळा बंद करण्याआधी तिच्या पटावरच्या अशा प्रत्येक मुलाची तपासणी पूर्ण झालेली असावी, त्याच्या आईवडिलांची लेखी संमती घेतलेली असावी. ती संमती मिळाली नाही तर शाळा उघडी ठेवावी, मग पट कितीही असो.